खोकला चौघांचा, बाटली एकच

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. दिवाळीनंतर घरात खोकल्याने मुक्काम ठोकलाय. मोठा मुलगा साडेचार वर्षांचा. त्याची सर्दी गेली, पण बारा दिवस झाले खोकला जात नाही. रात्री ढास लागून एकदोनदा उलटीही झाली. धाकटी सात महिन्यांची. तिचं नाक चोंदलंय, अधूनमधून खोकते. शेजारच्या काकू म्हणतात, मधाचं बोट चाटव. सासूबाई ६४ वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. बीपीची गोळी बदलल्यापासून तब्येत बरी होती, पण दोन महिने कोरड्या खोकल्याने त्या हैराण आहेत. ज्येष्ठमध, सितोपलादी, काढे सगळं करून झालं. नवऱ्याचा खोकला तर कायमचाच, सिगारेटचा, त्यामुळे त्याचं काही नाही. कामाच्या दगदगीने तो वाळलाय तेवढा. घरात कफ सिरपची एक बाटली आहे, त्यातलंच सगळ्यांना कमीजास्त देते. याहून चांगलं सिरप कोणतं? घरगुती काय करू? दही-केळी बंद केलीच आहेत.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

ताई, आधी ती बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशी वर ठेवून द्या. तुमच्या पत्रात चार जण खोकतायत आणि मला तरी चौघांची कारणं वेगवेगळी दिसतात. एका बाटलीतून चौघांना बरं वाटणं शक्य नाही. तुम्ही ज्या खोकल्याचा विषय एका वाक्यात संपवलात, त्याचीच मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. त्याच्याकडे येतेच, पण तुमची झोपमोड मुलं करतायत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून.

सर्दीनंतरचा खोकला किती दिवस चालावा? दवाखान्यात विचारलं तर बहुतेक आया ‘आठवडाभर’ म्हणतात आणि आठव्या दिवशी धास्तावतात. प्रत्यक्षात निम्म्या मुलांचा खोकला दहा दिवसांत थांबतो आणि दहातल्या नऊ मुलांचा थांबायला पंचवीस दिवस लागतात. म्हणजे तुमचा मुलगा बाराव्या दिवशी खोकतोय, यात जगावेगळं काही नाही. विषाणू केव्हाच गेलेला असतो, पण श्वासनळीचं आतलं अस्तर खरचटलेल्या गुडघ्यासारखं हुळहुळं राहतं. गार वारा लागला, मूल खदखदून हसलं, कुणी उदबत्ती लावली की उबळ येते. अस्तर भरून यायला वेळच लागतो, तो कुठल्याही औषधाने फारसा कमी होत नाही. म्हणून तर पहिल्या आठवड्यातला डॉक्टर बिनकामाचा ठरतो आणि तिसऱ्या आठवड्यात ज्याच्याकडे जाल त्याच्या हाताला गुण असतो!

रात्री खोकला वाढतो, कारण आडवं झाल्यावर नाकातलं पाणी मागच्या बाजूने घशात उतरतं. उलटीचंही तसंच. एवढ्या लहान मुलाला बेडका थुंकता येत नाही, तो गिळतो. मग ढास लागली की दूध, कफ सगळं एकदम बाहेर येतं. उलटीनंतर तो मोकळा होऊन झोपत असेल तर घाबरू नका. मात्र खोकला एका श्वासात दहा-दहा वेळा येतोय, चेहरा लालनिळा होतोय आणि शेवटी श्वास आत घेताना ‘हूऽप’ असा आवाज येतोय, असं दिसलं तर तो डांग्या खोकला असू शकतो. मग लसीकरणाचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा.

त्याला द्यायचं काय? मध. झोपण्याआधी अर्धा ते एक चमचा, नुसता किंवा कोमट पाण्यातून, आणि नंतर चूळ. ही आजीची समजूत म्हणून सांगत नाहीये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २००७ साली मुलांवर एक चाचणी झाली. रात्रीच्या खोकल्यासाठी काहींना मध दिला, काहींना कफ सिरपमधलं नेहमीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि काहींना काहीच नाही. मध काही न देण्यापेक्षा सरस ठरला, डेक्स्ट्रोमेथॉर्फन मात्र ठरलं नाही. दिवसभर घोट घोट कोमट पाणी, गरम वरणाचं पाणी, टोमॅटोचं सार, जे त्याला आवडेल ते द्या. आणि दही-केळी सुरू करा. केळ्याने छातीत कफ साठतो याला आधार नाही. दुधाने घशात चिकट वाटतं, पण कफ वाढत नाही. फ्रिजमधलं गार दही खाल्लं की ठसका लागतो, इतकं खरं. ते तासभर आधी बाहेर काढून ठेवा. आजारातून उठणारं पोर आवडीने दोन घास खातंय, ते कशाला तोडायचे?

आता सिरप. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी तुम्ही वाचली असेल. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातली बरीच मुलं उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणली होती. हे विष मुंबईलाही नवीन नाही. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून तेच रुग्णांच्या पोटात गेलं, चौदा जण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती साधारणपणे देण्याजोगी नाहीत. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं औषध नियंत्रकांनी बजावलं होतं. तुमच्या बाटलीचं लेबल वाचा, बहुतेक हीच नावं सापडतील.

भेसळ रोज होत नाही, हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप साधा आहे. शुद्ध सिरपसुद्धा लहान मुलाच्या खोकल्याला फारसा उपयोगी नाही, गुंगी मात्र आणतं. ज्याने गुण येत नाही त्याचा धोका कितीही लहान असला तरी का पत्करायचा? आणि मोठ्यांची बाटली, स्वयंपाकघरातला चमचा, ‘थोडंसंच देते’ हा हिशेब तर नकोच.

धाकटीकडे येऊ. काकूंना गोडीने नाही म्हणा. वर्षाच्या आत मध नाही, बोटभरसुद्धा नाही, गुटीतही नाही. मधात कधीकधी बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. बाळ मलूल पडतं, रडण्यातला जोर जातो, दूध ओढता येत नाही. मध शुद्ध आहे, घरच्या पोळ्याचा आहे, याने काही फरक पडत नाही. गरम करूनही ते मरत नाहीत. ‘आमच्या पोरांना तर चाटवला, काही झालं नाही,’ असं काकू म्हणतील. तेही खरं असेल, कारण हा आजार दुर्मिळ आहे. पण ज्या घरात होतो त्या घराला ही आकडेवारी कामाची नसते.

तिला खोकल्याचं औषध नकोच आहे. तिची अडचण नाकात आहे. केमिस्टकडे साध्या सलाइनचे नाकात घालायचे थेंब मिळतात. अंगावर पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत एकदोन थेंब टाका, मिनिटभर थांबा, वर आलेला शेंबूड मऊ फडक्याने टिपा, मग पाजा. थोडं थोडं, जास्त वेळा. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नका. सर्दी चार दिवसांची झाली की रंग बदलतोच. तिला वाफ देऊ नका. कापूर-ओव्याची पुरचुंडी कपड्याला बांधू नका, नाकाला बाम लावू नका. कापराने तान्ह्या बाळांना झटके आल्याची उदाहरणं आहेत. धुरीही नको.

दोघांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र शिकून घ्या : श्वास मोजणं. मूल शांत झोपलं की सदरा छातीपर्यंत वर करा. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. धाकटीचे पन्नास किंवा जास्त भरले, मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, तर तो जलद श्वास. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांपाशी, आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध-पाणी घेत नसेल किंवा ग्लानीत असेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. आणखी एक. सर्दी-ताप काही नसताना खाता खाता अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनळीत गेल्याची शंका घ्या, भले नंतर मूल शांत झालेलं असो. दर महिन्याला रात्री आणि धावल्यावर खोकतो, असं लक्षात आलं तर दम्यासाठी तपासून घ्या. पंपाला घाबरण्याचं कारण नाही, त्याचं औषध पोटातून न जाता थेट जागेवर जातं आणि म्हणून कमी लागतं.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातला ‘बीपीची गोळी बदलल्यापासून’ हा उल्लेख मी दोनदा वाचला. गोळ्यांच्या पाकिटावर रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल असं ‘प्रिल’ने संपणारं नाव आहे का बघा. या गटाच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी लागतो, कधी काही महिन्यांनी, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. काढे, चूर्णं, सिरपं, सगळं होतं आणि रोज सकाळी खोकला आणणारी गोळीही इमाने इतबारे घेतली जाते. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्यांना सरळ विचारा, ‘हा खोकला या गोळीचा असेल का?’ दुसऱ्या गटातली, लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी देता येते. बदलल्यावर खोकला बहुतेकांचा महिन्याभरात जातो, क्वचित तीन महिनेही घेतो.

घरगुती औषधांबद्दलही त्यांना सांगा, कारण ही औषधं ‘काही अपाय नाही’ म्हणून घेतली जातात. ज्येष्ठमधाने घसा निवतो, हे खरं. पण रोज, बरेच दिवस चघळलं तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. बीपीवाल्या बाईने ते रोजची सुपारी असल्यासारखं तोंडात धरू नये. सितोपलादीचा पाठ बघा : खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. एकतीस भागांत सोळा भाग साखर, आणि घ्यायचं मधातून! शुगर असलेल्या माणसाने ते दिवसातून तीनदा घेऊन वर चहा बिनसाखरेचा प्यायचा, ही गंमत अनेक घरांत चालते. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. अडुळशातल्या वासिसीन या द्रव्यावरूनच आजचं ब्रोमहेक्झिन तयार झालं, म्हणजे आपल्या परसातलं झुडूपच बाटलीत गेलंय. पण ज्याला गुण आहे त्याला मात्राही आहे आणि कुणाला द्यायचं नाही हेही आहे. गरोदर बाईला अडुळसा देत नाहीत, ते उगीच नव्हे.

कफ सिरप त्यांनाही नकोच. फिनाइलएफ्रिनने बीपी वर जाऊ शकतं आणि गुंगीच्या औषधावर रात्री बाथरूमला उठलेलं माणूस पडतं. मांडीचं हाड मोडणं खोकल्यापेक्षा महाग पडतं. त्यांच्यासाठी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. आल्याचा बिनसाखरेचा चहा. जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तासांचं अंतर, कारण आम्ल वर चढूनही असा कोरडा खोकला येतो. आडवं पडलं की धाप लागते, पाय सुजतात, असं असेल तर मात्र हृदय तपासायला हवं, तिथे आल्याचं काम नाही.

वाफेबद्दल विचारलं नाहीत, पण घरोघरी असते म्हणून सांगते. मोठ्यांना चोंदलेलं नाक मोकळं वाटतं, बस्स. उकळत्या पाण्याचं पातेलं जमिनीवर आणि घरात रांगायच्या बेतात असलेलं बाळ, हे मला बघवत नाही. भाजलेली मुलं खोकल्याच्या मुलांपेक्षा जास्त दिवस दवाखान्यात राहतात. बाथरूमचं दार लावून गरम पाण्याने आंघोळ केली तरी तेच काम होतं.

त्यापेक्षा घरातला धूर मोजा. डासांची कॉइल रात्रभर जळते का? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असल्याचं मोजलं गेलंय. मच्छरदाणी लावा. तान्ह्या बाळासाठी तीच सगळ्यांत बरी. ग्रिलमध्ये कबुतरं बसत असतील तर वाळलेली विष्ठा झाडूने उडवू नका, पाणी मारून ओली करून पुसून काढा. त्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसाला कायमची सूज येते. दादरच्या कबुतरखान्यावरून न्यायालयापर्यंत जो वाद गेला, त्याच्या मुळाशी हेच दुखणं होतं.

आणि आता ‘त्याचं काही नाही’ असा ज्यांचा उल्लेख झाला, ते.

सिगारेट ओढणाऱ्याचा खोकला घरच्यांना ऐकू येईनासा होतो. पहाटेची ती खाकर अलार्मसारखी रोजची होते. पण तुम्हीच लिहिलंय की ते वाळलेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, हा आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे, आणि सिगारेट ओढतो म्हणून त्यातून कुणाला सूट नाही. उलट धूम्रपानाने टीबीचा धोका वाढतो. संध्याकाळी अंग कोमट लागतं का, रात्री घामाने बनियन भिजतो का, बेडक्यात कधी रक्ताची रेघ दिसली का, ते विचारा. यातलं काहीच नसलं तरी तपासणी टाळू नका. घरात सात महिन्यांचं बाळ आहे, आणि टीबी घरातल्या घरात पसरतो तो असाच, खोकल्यातून.

तपासणी सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत मोफत होते. थुंकीचे दोन नमुने मागतात. एक तिथल्या तिथे, दुसरा पहाटे उठल्याउठल्याचा. यात एक चूक फार होते. लोक डबीत लाळ देतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होतात. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्यायचा आणि मग खोलवरून खोकून दाट बेडका डबीत घ्यायचा. हे घरात नाही, गॅलरीत किंवा उघड्यावर, माणसांपासून लांब. झाकण घट्ट लावायचं, हात धुवायचे. काही शंका असली तर १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येतं.

टीबी निघालाच तर औषधं मोफत आहेत, नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि आहारासाठी महिना हजार रुपये सरकार खात्यात टाकतं. मग दोन्ही मुलांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का, हे तिथलेच डॉक्टर सांगतील. मुलाच्या बाराव्या दिवसाच्या खोकल्याकडेही तेव्हा वेगळ्या नजरेने बघावं लागेल. टीबी नाही निघाला तर छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी करून घ्या. सिगारेटने श्वासनळ्या किती अरुंद झाल्यात ते त्यात कळतं. सोडायची मनात आली तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ‘सिगारेटचाच तर खोकला आहे’ असं ते म्हणणार. म्हणू द्या, वाद घालू नका. सासूबाईंनाही दोन महिने खोकला आहे आणि शुगर असलेल्यांना टीबी लवकर गाठतो, तेव्हा गोळी बदलली तरी त्यांचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी व्हायलाच हवी. ‘आईंना घेऊन चल’ म्हणून नवऱ्याला सोबत पाठवा आणि तिथे दोघांच्या नावाने केसपेपर काढा.